वृषणात दुखतंय? आधी घड्याळ बघा, मग कारण शोधू

प्रश्न असा आहे: वय २६. दोन महिन्यांपासून डाव्या वृषणात मंद दुखतं. दिवसभर उभं राहिलं किंवा जड उचललं की वाढतं, रात्री पाठीवर आडवं झालं की हळूहळू ओसरतं. आंघोळ करताना वृषणाच्या वरच्या बाजूला मऊ गुंतवळीसारखं काहीतरी हाताला लागतं. लग्न ठरतंय. हा कॅन्सर तर नाही ना? हस्तमैथुनामुळे झालं का? पुढे मूल होईल का? आणि हे सांगायचं तरी कुणाला?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. यूरॉलॉजिस्टला सांगायचं, आणि याच आठवड्यात. यूरॉलॉजिस्ट जवळ नसेल तर जनरल सर्जन चालेल. तुमच्या वर्णनावरून हे व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, असावं असं मला वाटतं. पण हाताने तपासल्याशिवाय ते कुणी ठरवू नये, मीही नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. त्याआधी मला दुसऱ्या एका वाचकाशी बोलायचंय. त्याचं दुखणं दोन महिन्यांचं नाही, आज संध्याकाळी सुरू झालंय, आणि तो हे अंथरुणात पडून वाचतोय.

तुमचं दुखणं अचानक, काही मिनिटांत सुरू झालं असेल, एकाच बाजूला असेल, मळमळ किंवा उलटी होत असेल, तर पुढचं वाचू नका. उठा आणि जिथे रात्रीही ऑपरेशन होऊ शकतं अशा रुग्णालयात जा. वाटेत काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

याचं कारण म्हणजे वृषणाला पडणारा पीळ. बाहेरच्या पिशवीला अंडकोष म्हणतात आणि आतल्या दोन गोळ्यांना वृषण. प्रत्येक वृषण एका दोरीला लोंबकळत असतं. त्या दोरीतून त्याला रक्त पुरवणारी धमनी, परत नेणाऱ्या शिरा, मज्जातंतू आणि शुक्रवाहिनी जाते. बहुतेकांचं वृषण पिशवीच्या आतल्या बाजूला मागून चिकटलेलं असतं, त्यामुळे ते फिरू शकत नाही. काहींचं जन्मतःच मोकळं असतं, घंटेच्या लोलकासारखं. ते कधीतरी स्वतःभोवती फिरतं आणि दोरीला पीळ बसतो. आधी शिरा दबतात, वृषण सुजतं, मग धमनीही बंद होते. पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर दहापैकी नऊहून जास्त वृषणं वाचतात. १२ तासांनी निम्मी हातची जातात, आणि २४ तास उलटल्यावर वाचलेलं वृषण क्वचितच बघायला मिळतं. आमच्या कामात इतकं निष्ठुर घड्याळ दुसरं नाही.

हे सगळ्यात जास्त १२ ते १८ वर्षांच्या मुलांत होतं. नवजात बाळात आणि चाळिशीच्या पुरुषातही होतं, पण कमी. खेळताना होऊ शकतं, झोपेत होऊ शकतं. पहाटे वेदनेने जाग आलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. आणि खूपदा मुलगा आईवडिलांना सांगतो, 'पोटात दुखतंय.' तो नेहमीच खोटं बोलत असतो असं नाही. गर्भात वृषण तयार होतं ते मूत्रपिंडाच्या शेजारी, आणि सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास ते खाली पिशवीत उतरतं. येताना रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वरूनच घेऊन येतं. म्हणून वृषणाची वेदना खरोखरच पोटात जाणवते, उलट्या होतात. पण कित्येकदा त्याला लाज वाटत असते, हेही तितकंच खरं. पंधरा वर्षांचा एक मुलगा रात्री दहाला पोटात दुखतंय म्हणाला होता. घरच्यांनी गॅसचं औषध देऊन झोपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने कपडे बदलताना सूज पाहिली तेव्हा तो माझ्याकडे आला. वृषण काळं पडलं होतं, काढावं लागलं. घरच्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की मुलाचं पोट दुखत असेल तर 'खाली दुखतंय का?' हे विचारायचं असतं आणि बघायचंही असतं. किशोरवयीन मुलगा घरात असलेल्या प्रत्येकाने एवढं एक लक्षात ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तपासताना आम्ही बघतो की दुखणारं वृषण दुसऱ्यापेक्षा वर चढलंय का, आडवं झालंय का. मांडीच्या आतल्या बाजूला हलका स्पर्श केला की एरवी त्या बाजूचं वृषण वर उचललं जातं. पीळ असेल तर बहुधा ते हलत नाही. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तपुरवठा दिसतो. पण लक्षणं ठळक असतील तर सोनोग्राफीच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा सरळ ऑपरेशन करणं योग्य. पीळ अर्धवट असेल तर डॉप्लरमध्ये रक्त वाहताना दिसूही शकतं, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' एवढ्यावर संशय सोडून देता येत नाही. ऑपरेशनमध्ये पीळ सोडवतात, वृषण जिवंत असेल तर टाके घालून जागेवर बसवतात, आणि दुसऱ्या बाजूचंही बसवतात, कारण तो मोकळेपणा बहुधा दोन्हीकडे असतो. घरी हाताने उलटं फिरवायचा प्रयत्न मात्र करू नका. पीळ नेहमी एकाच दिशेला नसतो आणि चुकीच्या दिशेने फिरवलं तर तो घट्ट होतो. 'हाताने वर उचललं की बरं वाटतं, म्हणजे पीळ नाही' असंही सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका.

आणखी एक प्रकार फसवा आहे. अचानक जीवघेणं दुखतं आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबतं. असं एकदा-दोनदा झालं की माणूस निर्धास्त होतो. ते वृषण बहुधा फिरून परत जागेवर आलेलं असतं. एक दिवस ते परत येणार नाही. दुखणं थांबलं असलं तरी दाखवा. आधीच टाके घालून ठेवणं हे छोटं ऑपरेशन आहे.

वृषण गमावलेल्यांसाठी एक वाक्य: निरोगी असलेलं एक वृषण पुरुषी संप्रेरकालाही पुरतं आणि मूल होण्यालाही. हवं असेल तर कृत्रिम वृषण बसवता येतं.

सात ते बारा वर्षांच्या मुलांत पिळाचा एक धाकटा भाऊ भेटतो. वृषणाच्या टोकाला गर्भावस्थेतला एक छोटा अवशेष राहिलेला असतो, तो पिळतो. कधीकधी त्वचेतून निळसर ठिपका दिसतो. विश्रांती आणि वेदनाशामकाने आठवडाभरात बरं होतं. पण हा धाकटाच आहे, थोरला नाही, हे ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आता तासांऐवजी दिवसांत वाढणारं दुखणं. काल थोडं, आज जास्त, सोबत ताप, लघवीला जळजळ, एका बाजूला सूज आणि लाली. हा बहुधा संसर्ग असतो. वृषणाच्या मागे एक वेटोळी नळी चिकटलेली असते, तिला एपिडिडायमिस म्हणतात. शुक्रजंतू तिथे पिकतात आणि साठतात. जंतू लघवीच्या मार्गातून उलटे वर चढून तिथे पोचतात. लैंगिकदृष्ट्या सक्रिय तरुणांत, साधारण पस्तिशीच्या आत, क्लॅमिडिया आणि गोनोरिया, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग, ही नेहमीची कारणं. पस्तिशीनंतर बहुतेकदा आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू, आणि त्यामागे वाढलेली प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, लघवी तुंबणं किंवा नुकताच घातलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. म्हणून आम्ही लैंगिक संबंधांबद्दल विचारतो. तो चारित्र्याचा पंचनामा नसतो, औषध त्यावर ठरतं. पहिल्या प्रकारात साधारणपणे सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन आणि १० दिवस डॉक्सिसायक्लीन देतात. दुसऱ्या प्रकारात औषध वेगळं. लघवीचा नमुना औषध सुरू करण्याआधी द्यायचा. लैंगिक संसर्ग असेल तर जोडीदाराचाही उपचार एकाच वेळी व्हायला हवा, नाहीतर तोच जंतू पुन्हा परत येतो.

इथे दोन चुका मी सारख्या पाहतो. पहिली, ओळखीच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. ताप उतरतो, औषध बंद होतं, आणि तीन आठवड्यांनी आत पू झालेला माणूस समोर येतो. दुसरी चूक उलटी आहे. दुखणं गेलं तरी मागे टणक फुगवटा राहतो. तो जिरायला कित्येक आठवडे लागतात, आणि घाबरून लोक एकामागून एक औषधं बदलत बसतात. दुखणं उतरणीला लागलं असेल तर थांबा. मात्र औषध सुरू होऊन तीन दिवसांत काहीच फरक नसेल, किंवा महिना-दीड महिन्याने टणकपणा तसाच असेल, तर पुन्हा सोनोग्राफी करायलाच हवी. गळू, क्षयरोग आणि कधीकधी गाठ या सूजेआड लपते. क्षयाचा संसर्ग इथे होतो हे अनेकांना माहीत नसतं. एपिडिडायमिस खडबडीत, कडक होते, फारसं दुखत नाही, शुक्रवाहिनी मण्यांच्या माळेसारखी लागते, पिशवीच्या मागच्या बाजूने पाणी झरू लागतं. साध्या अँटिबायोटिकने हे हलत नाही. क्षयाचे पूर्ण उपचार घेतले की बरं होतं.

गालगुंडानंतरही वृषण सुजतं. गालाची सूज आल्यावर चार ते आठ दिवसांनी, आणि मुख्यतः वयात आल्यानंतर. हा विषाणू आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. विश्रांती, बर्फ आणि वेदनाशामक. काहींचं ते वृषण नंतर थोडं आकसतं, पण सहसा एकाच बाजूला होतं आणि पूर्ण वंध्यत्व क्वचित येतं.

मार लागला तर कळ मरणप्राय असते, पण तासाभरात ती ओसरायला हवी. ओसरली नाही, पिशवी फुगून निळीजांभळी झाली, तर वृषणाचं कवच फाटलं नाही ना हे सोनोग्राफीत बघावं लागतं. फाटलं असेल तर पहिल्या तीन दिवसांत शिवलेलं उत्तम. 'बॉल लागला होता' या एका वाक्याने आम्हा डॉक्टरांचीही दिशाभूल होते. बॉल हलकाच लागलेला असतो आणि खरं कारण पीळ किंवा आधीपासूनची गाठ असते.

मधुमेही वाचकांनी पुढची ओळ नीट वाचावी. पिशवीच्या किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेत, दिसतंय त्या मानाने फारच जास्त दुखत असेल, ताप असेल, कातडी काळपट होत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा दाबल्यावर चुरचुरल्यासारखं लागत असेल, तर तो मांस कुजवणारा संसर्ग असू शकतो. तो तासातासाने पसरतो आणि प्राण घेतो. सकाळची वाट बघू नका.

वृषणात दुखतं पण वृषणात काहीच नाही, असंही घडतं. मूत्रनलिकेत अडकलेला मूतखडा कंबरेतून निघून थेट वृषणात कळ मारतो. वर सांगितलेल्या सामायिक मज्जातंतूंचीच ती करणी. अशा वेळी वृषण दाबलं तर दुखत नाही, माणूस मात्र तळमळत फेऱ्या मारतो. जांघेतला हर्नियाही तिथे दुखवतो. तो फुगवटा आत जाईनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या तर तीही तातडीची वेळ आहे.

आता तुमच्याकडे वळतो. उभं राहिल्यावर वाढणारं, आडवं झाल्यावर जाणारं, डावीकडचं जडशीळ दुखणं आणि हाताला लागणारं गुंतवळ. सुमारे १५ टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि बहुतेकांचं डावीकडेच. याचं कारण शरीराच्या नळकामात आहे. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या महाशिरेला तिरकी जाऊन मिळते. डावीची मात्र लांबचा प्रवास करून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. रक्ताला वर चढायला कष्ट पडतात, झडपा थकतात, रक्त खाली साठतं, शिरा फुगतात. आडवं झालं की ते रक्त वाहून जातं. म्हणून तुम्हाला उभं करून तपासायला हवं, आणि खोल श्वास रोखून जोर द्यायला सांगायला हवं. कुणी फक्त झोपवून तपासलं तर 'मला उभ्याने बघा' असं तुम्ही स्वतः म्हणा. शिरा आडवं झाल्यावरही रिकाम्या होत नसतील, फक्त उजवीकडेच असतील किंवा उतारवयात अचानक उपटल्या असतील, तर मात्र पोटाची तपासणी करावी लागते. मूत्रपिंडाची गाठ त्या शिरेचा मार्ग अडवत असू शकते.

प्रत्येक व्हेरिकोसील कापायचं नसतं. दुखणं सौम्य असेल तर घट्ट बसणारी अंडरवेअर किंवा सपोर्टर, लांब उभं राहणं कमी, गरज पडेल तेव्हा वेदनाशामक, एवढ्याने अनेकांचं भागतं. दोन-तीन महिने असं करूनही रोजच्या कामात अडथळा येत असेल, दुखणं खेचल्यासारखं, जडच असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली जांघेतून त्या शिरा बांधतात. नीट निवडलेल्या रुग्णांत बहुतेकांना आराम पडतो. अगदी प्रत्येकाला नाही, हे ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं पाहिजे.

मूल होईल का? व्हेरिकोसील असलेल्या बहुसंख्य पुरुषांना विनासायास मुलं होतात. तरी ज्यांना मूल होत नाही अशा पुरुषांत हे जास्त आढळतं, म्हणून वीर्यतपासणी करून घ्या. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळायचं. एकच रिपोर्ट कमी आला तर हादरू नका, काही आठवड्यांनी परत करा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मागच्या तापाचासुद्धा परिणाम त्यात दिसतो.

हस्तमैथुनामुळे व्हेरिकोसील होत नाही, वृषण कमजोर होत नाही, आकसत नाही. तुम्ही स्वतःला दोष देत दोन महिने काढलेत, तो दोष आज उतरवून ठेवा. बराच वेळ उत्तेजना राहून वीर्यस्खलन झालं नाही तर काही वेळ ठणकतं, एवढंच खरं. ते निरुपद्रवी असतं आणि आपोआप जातं.

कॅन्सरबद्दल सरळ बोलतो. वृषणाचा कॅन्सर हा मुख्यतः १५ ते ४० या वयातला. पण तो बहुतेकदा दुखत नाही. न दुखणारी, वृषणाचाच भाग असलेली टणक गाठ किंवा वृषण जड, दगडासारखं होणं ही त्याची खूण. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, आणि इथेच घात होतो. साधारण दहातल्या एकाला दुखतंसुद्धा, त्यामुळे केवळ दुखण्यावरून निकाल लावता येत नाही. सोनोग्राफीने बहुतेकदा शंका फिटते. गरज वाटली तर रक्तातल्या एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या तपासण्या करतात. एक गोष्ट लक्षात असू द्या: संशय असेल तर वृषणात सुई घालून तुकडा घेत नाहीत, पिशवीतूनही कापत नाहीत. जांघेतून ऑपरेशन करतात. वेळेत सापडला तर हा सगळ्यात जास्त बऱ्या होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे, ९५ टक्क्यांहून जास्त. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं अशांनी जास्त जागरूक राहावं. महिन्यातून एकदा कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर दोन्ही वृषणं अंगठा आणि बोटांत हळूच फिरवून बघा. मागची मऊ वेटोळी ही एपिडिडायमिस, तिला गाठ समजू नका. एक बाजू थोडी खाली लोंबणं हेही नेहमीचंच.

सगळ्या तपासण्या नॉर्मल आणि तीन महिन्यांहून अधिक दुखणं चालूच, असे रुग्ण सर्वांत खचलेले असतात. त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. कधी दुखणं ओटीपोटाच्या तळाच्या आखडलेल्या स्नायूंचं असतं. तासन् तास बसून काम करणाऱ्यांत मी ते नेहमी बघतो, आणि त्या स्नायूंची फिजिओथेरपी चमत्कार वाटावा इतका फरक करते. कधी कंबरेच्या मणक्यातून आलेलं असतं. कधी नसबंदीनंतर उरलेलं असतं. हे थोड्यांनाच होतं, पण होतं. मज्जातंतूंवर काम करणारी अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी औषधं छोट्या डोसमध्ये देतात. वृषणाच्या दोरीत भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. त्याने दुखणं तात्पुरतं पूर्ण थांबलं तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या बारीक नसा कापण्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते. वृषणच काढून टाका असं वैतागून म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. काढल्यावरही दुखत राहिलेले लोक आहेत.

तपासणीची धास्ती असेल तर ती कशी होते ते सांगतो. आधी प्रश्न, मग उभ्याने आणि आडव्याने हाताने तपासणी, दोन-तीन मिनिटांचं काम. हातमोजे घातलेले असतात, दुसरी बाजू आधी तपासतात, दुखरी नंतर. सोबत कुणी हवं असेल किंवा नको असेल तर तसं सांगायचा हक्क तुम्हाला आहे. पुढे लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत दुखत नाही, फक्त जेल गार लागतं. आत गेल्यावर शब्द सुचणार नाहीत असं वाटत असेल तर कागदावर लिहून न्या: 'डाव्या वृषणात दोन महिन्यांपासून दुखतंय, उभं राहिलं की वाढतं, वर मऊ गुंतवळ लागते.' कागद पुढे करा. बाकीचे प्रश्न डॉक्टर विचारतील.